झोपेची ऑनलाइन थेरपी: आठ आठवड्यांत काय करायचं आणि पुढं ते टिकवायचं कसं

आठवड्यातल्या किमान तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, लागला तर मध्येच तुटतो, किंवा पहाटे चारलाच टक्क जाग येते. झोपायला वेळ असूनही असं तीन महिन्यांहून जास्त चाललंय आणि दिवसाचं काम त्यापायी बिघडतंय. याला जुनाट निद्रानाश म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी पहिली आठवण गोळीची होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून शिफारस केली ती मात्र निद्रानाशासाठीच्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलणाऱ्या सीबीटी-आयची. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तेच सांगितलं आणि ही थेरपी समोरासमोर घ्या किंवा ऑनलाइन, दोन्ही चालेल असं नमूद केलं.

ऑनलाइन प्रकार महत्त्वाचा आहे, कारण हे काम शिकलेले थेरपिस्ट सगळीकडेच कमी आहेत. इंदूरच्या माणसाला मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर, स्वतःच्या स्वतः, सहा ते आठ आठवड्यांत ती पुरी करता येते. तिचा फायदा टिकतो का, हाही प्रश्न तपासून झाला आहे. अमेरिकेत ‘शुटी’ नावाच्या पूर्ण स्वयंचलित कार्यक्रमाची ३०३ प्रौढांवर चाचणी झाली आणि तिचे निकाल २०१७ मध्ये आले. वर्षभरानंतर कार्यक्रम घेतलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांचा निद्रानाश गेलेला होता आणि सुमारे ७० टक्के लोकांना ठळक फरक पडला होता. ज्यांना झोपेबद्दलची माहिती नुसती वाचायला दिली होती, त्यांच्यात ही दोन्ही प्रमाणं बरीच खाली होती.

हा फायदा टिकतो याचं कारण आर्थर स्पीलमन या झोपतज्ज्ञांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचारात सापडतं. निद्रानाश सुरू करणारी गोष्ट एक असते आणि तो चालू ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. घरातलं आजारपण, मुलीचं लग्न, नोकरीतली बदली, बाळंतपण यातलं काहीतरी झोप उडवतं आणि महिन्या-दोन महिन्यांत निवळतं. पण तोवर आपण रात्री नऊलाच आडवं व्हायला लागलेलो असतो, सकाळी लोळत पडतो, दुपारी भरपाई करतो, रात्री दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघतो. मूळ कारण जातं आणि या सवयी उरतात. गोळी त्या रात्रीपुरती झोप आणते, या सवयींना हात लावत नाही. थेरपी त्याच मोडते.

आधी हे तपासा

पुढचं सगळं सगळ्यांसाठी नाही. जोरात घोरता, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो, सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं असतं, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे, असं असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर तो वेगळा आजार आहे, त्याचा उपचारही वेगळा. बायपोलर विकार, फिट येण्याचा आजार, झोपेत चालण्याची सवय किंवा गरोदरपण असेल तर अंथरुणातला वेळ कमी करण्याची पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. कमी झोपेमुळे मॅनिया, म्हणजे बेभान उत्साहाचा झटका, किंवा फिट येऊ शकते. बस-ट्रक चालवणारे, मशिनवर उभं राहून काम करणारे आणि परदेशी कंपन्यांच्या रात्रपाळीत असणारे यांनाही हे वेळापत्रक जसंच्या तसं लागू पडत नाही.

मन फार खचलं असेल, जगणं नको असं वाटत असेल, तर थेरपीची वाट बघू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

कार्यक्रम निवडताना

पावसाचा आवाज, बासरी, गोष्टी ऐकवणारी ॲप्स म्हणजे थेरपी नव्हे. खऱ्या कार्यक्रमात चार गोष्टी असतातच: रोजची झोपेची नोंद, त्या नोंदीवरून ठरवलेली अंथरुणात जायची-उठायची वेळ, जाग असताना अंथरूण सोडण्याचा नियम, आणि झोपेबद्दलच्या भीतीवर काम. यातली दुसरी गोष्ट नसेल तर तो कार्यक्रम सोडून द्या, कारण औषध तिथंच आहे. ‘स्लीपिओ’ हा कार्यक्रम ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२ मध्ये शिफारस केलेला आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागानं काढलेलं ‘इन्सोम्निया कोच’ हे ॲप विनामूल्य आहे आणि नवख्याला पुरतं. इंग्रजीत वाचणं जड जात असेल तर ॲप मार्गदर्शनापुरतं ठेवा आणि नोंदी मराठीत, साध्या शंभर पानी वहीत करा. वहीला चार्जिंग लागत नाही आणि पहाटे तिच्यातून व्हॉट्सॲपही उघडत नाही.

सोबत कोणीतरी असेल तर कार्यक्रम घेणारे लोक जास्त टिकतात. नवरा, बायको, बहीण, मित्र, कोणीही एक माणूस ठरवा, ज्याला दर रविवारी वही दाखवायची. एवढ्यानंही गळती कमी होते.

पहिला आठवडा: फक्त नोंद

सात रात्री काहीही बदलू नका. सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटांत एवढं लिहा: अंथरुणात किती वाजता गेलात, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळा उठलात आणि एकूण किती मिनिटं जागे होतात, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. खाली एका ओळीत दुपारची डुलकी, चहा-कॉफीचे कप आणि त्यांची वेळ, घेतलेली गोळी.

आकडे अंदाजानंच लिहायचे. घड्याळ बघून अचूक आकडा मिळवायला गेलात तर रात्रभर घड्याळच बघत बसाल, म्हणून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मनगटावरच्या स्मार्टवॉचचे ‘गाढ झोप’चे आकडे या कामात वापरू नका. जागेपणी निश्चल पडून राहिलात तरी ते त्याला झोप समजू शकतं, आणि त्याचा वाईट आकडा बघून चांगली गेलेली रात्रही वाईट वाटायला लागते.

याच आठवड्यात निद्रानाशाची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी भरा. बहुतेक कार्यक्रमांत ती पहिल्याच पानावर असते. गुण ० ते २८. सातपर्यंत म्हणजे निद्रानाश नाही, ८ ते १४ किरकोळ, १५ ते २१ मध्यम, २२ पासून पुढं तीव्र. आजचा आकडा तारखेसह लिहून ठेवा, पुढं त्याचा उपयोग आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून: झोपेची खिडकी

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणकारी भाग. इथंच लोक सोडून देतात, म्हणून तो नीट समजून घ्या.

समजा, एका वहीतली आठवड्याची सरासरी अशी निघाली: रात्री साडेदहाला अंथरुणात, सकाळी साडेसहाला बाहेर, म्हणजे ४८० मिनिटं. झोप लागायला ७० मिनिटं गेली, मधल्या जागेपणात एकूण ७५, आणि पावणेसहाला जाग आल्यावर लोळण्यात ४५. एकूण १९० मिनिटं जागेपणी गेली, झोप झाली २९० मिनिटं. २९० भागिले ४८० म्हणजे ६० टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या झोपेत ती ८५ च्या वर असते.

हा माणूस आठ तास अंथरुणात राहून पाच तासांहून कमी झोपतोय, आणि ती झोपही आठ तासांवर पोळीला लावलेल्या पातळ तुपासारखी पसरली आहे. उपाय असा की अंथरुणातला वेळच झोपेएवढा करायचा. पण पाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही, आणि स्वतःच्या बळावर करताना साडेपाच तासांपासून सुरुवात केलेली बरी. म्हणजे उठायचं सकाळी सहाला आणि अंथरुणात जायचं रात्री साडेबाराला. हीच झोपेची खिडकी. त्याच्या आधी पाठ टेकायची नाही, सोफ्यावरसुद्धा नाही.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची भूक वाढत जाते. जेवणाआधी वाटीभर शेव खाल्ली की पान वाढल्यावर भूक मेलेली असते, तसं रात्री नऊला टीव्हीसमोर वीस मिनिटं डोळा लागला की साडेबाराची झोप उडाली. वहीत सगळं बरोबर दिसूनही फरक पडत नसेल तर बहुतेक वेळा चोर इथंच सापडतो, आणि माणूस शपथेवर सांगतो की ‘मी झोपलो नव्हतो, नुसता बसलो होतो’. घरच्यांना विचारा, ते खरं सांगतील.

दर आठवड्याला नवी सरासरी काढा. कार्यक्षमता ८५ किंवा जास्त आली तर खिडकी १५ मिनिटांनी वाढवा आणि झोपायची वेळ तेवढी लवकरची करा. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करा, पण ठरवलेल्या तळाच्या खाली नाही. वरच्या उदाहरणात खिडकीच्या पहिल्या आठवड्यात ३३० मिनिटांत तीच २९० मिनिटं झोप झाली तर कार्यक्षमता ८८ टक्के. झोप एक मिनिटही वाढली नाही, पण ती एकसंध झाली, म्हणून पुढच्या आठवड्यात सव्वाबाराला आडवं व्हायला हरकत नाही. त्या आठवड्यात ३४५ पैकी २८५ मिनिटं झोप झाली तर ८३ टक्के, मग थांबा. पासष्टीच्या पुढच्यांनी वेळ एकदम कापण्याऐवजी दर आठवड्याला १५ ते ३० मिनिटांनी हळूहळू कमी करावी आणि वाढवण्याची रेघ ८५ ऐवजी ८० धरावी.

पहिले दहा-पंधरा दिवस दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल. हे बिघडल्याचं लक्षण नाही, झोपेची भूक साठत असल्याचं आहे. या काळात झापड येत असताना बायपासवर किंवा ए. बी. रोडवर गाडी चालवू नका, स्कूटरसुद्धा नाही. परीक्षा, लग्न, हिशेबाचा मार्च महिना तोंडावर असेल तर सुरुवात पुढं ढकला.

सगळ्या नियमांत एक नियम राजा आहे: उठण्याची वेळ. रविवार, सुटी, वाईट गेलेली रात्र, काहीही असो, वेळ तीच. आपल्याकडच्या घरांत ती बिघडवणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. एक दिवसाआड पहाटे पाचला नळ येतात आणि पाणी भरायचं काम तुमच्याकडे असेल, तर एक दिवस पाच आणि एक दिवस सात असं होतं, आणि शरीराचं घड्याळ दर दोन दिवसांनी दोन तास मागेपुढे ढकललं जातं. दोनच मार्ग: रोजच पाचला उठा आणि साडेअकराची खिडकी धरा, किंवा दोन महिने पाणी भरणं घरातल्या दुसऱ्याकडे द्या. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघून आलात, तरी दुसऱ्या दिवशी सहाला उठा. फारच झालं तर दुपारी तीनच्या आत गजर लावून वीस मिनिटं.

रात्री साडेबारापर्यंत जागायचं कसं? बसून, मंद उजेडात, कंटाळवाणं काहीतरी करत: तांदूळ निवडणं, इस्त्रीच्या घड्या, जुने फोटो अल्बममध्ये लावणं, विणकाम. जागरण आहेच म्हणून रोज सराफ्याची, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराची, फेरी काढू नका. तिथला लखलखाट झोप लांबवतो, आणि तळलेले गराडूचे कंद किंवा वर रबडी खाऊन तासाभरात आडवं झालात की आंबट ढेकरा झोपू देत नाहीत. आठवड्यातून एकदा जाऊन या, पण रात्रीचं जेवण धरून, साडेनऊ-दहाला.

अंथरूण फक्त झोपेसाठी

हा नियम रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दिला, आणि पन्नास वर्षांत त्याला कोणी बाद केलेलं नाही. डोळे मिटायला लागले तरच अंथरुणात जा. पंधरा-वीस मिनिटं झोप नाही असं वाटलं, की उठा. अंदाजानं, घड्याळ बघून नाही. दुसऱ्या जागी बसा आणि पुन्हा पेंग आली की परत या. एका रात्रीत हे चार वेळा करावं लागलं तरी चार वेळा करा. वर्षानुवर्षं कूस बदलत पडून राहिल्यानं मेंदूनं गादी आणि जागरण यांची गाठ मारलेली असते. ती अशीच सुटते.

दोन खोल्यांच्या घरात उठून जायचं कुठं, हा खरा प्रश्न. स्वयंपाकघरात एक खुर्ची आणि छोटा दिवा संध्याकाळीच ठेवा. तेही शक्य नसेल तर त्याच खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून, पाठ भिंतीला टेकून बसा. शेजारी मासिक, शाल आणि पाण्याचा तांब्या तयार असू द्या, नाहीतर थंडीच्या रात्री उठायचा कंटाळा येतो आणि नियम मोडतो. दिवसा त्याच दिवाणावर बसण्याशिवाय इलाज नसेल तर वर वेगळी चादर टाकून उशी नजरेआड करा आणि पायथ्याच्या बाजूला बसा. रात्री ती चादर काढली की जागा बदलली.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला की आई उठून येणार, “काय झालं रे? बरं नाही का? हळद-दूध देऊ?” तिच्या मायेनं तुमची पेंग पुन्हा उडते, आणि तिचीही रात्र जाते.

डोक्यातला गोंगाट

‘आज झोप लागली नाही तर उद्याचा दिवस गेलाच’ हे वाक्य रात्री दोनला अगदी खरं वाटतं. वहीच्या मागच्या पानावर ते लिहा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर लिहा की दिवस प्रत्यक्षात कसा गेला. महिनाभरात वीस-पंचवीस ओळी जमतात, आणि बहुतेक वाईट रात्रींनंतरही ऑफिस झालं, डबे झाले, हे स्वतःच्या अक्षरात दिसतं. कुणाच्या उपदेशापेक्षा ही यादी जास्त पटते.

संध्याकाळी सहा-साडेसहाला पंधरा मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. जे रात्री छळतं ते तेव्हा लिहायचं आणि शेजारी पुढचं एक पाऊल: ‘सोमवारी बँकेत फोन’. स्नायू सैल करायचा व्यायाम, म्हणजे एकेक अवयव पाच-सात सेकंद ताठ करून वीस-तीस सेकंद सैल सोडणं, आधी दोन आठवडे दिवसा शिका. तो थेट रात्री झोप आणायला वापरलात तर ‘अजून कशी येत नाही’ हा ताण त्याच्याबरोबर येतो.

बाकीचं थोडक्यात

कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असू शकतो, म्हणून शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. दारूनं झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर चाला, सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ जागेवर ठेवतो. कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत पोहे खायला चालत गेलात तरी काम झालं. वरातीच्या डीजेला आणि सकाळच्या कचरागाडीच्या गाण्याला कानात घालायचे फोमचे बोळे पुरतात. नुसत्या या परिच्छेदातल्या गोष्टी पाळून जुनाट निद्रानाश जात नाही, खिडकी पाळावीच लागते.

गोळी चालू असेल तर

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांपैकी काही रोज घेत असाल तर थेरपी सुरू केली म्हणून ती अचानक बंद करू नका. एकदम थांबवल्यावर झोप आधीपेक्षा जास्त उडते, आणि पहिल्या दोन गोळ्यांच्या बाबतीत फिट येण्याचाही धोका असतो. गोळी आणि थेरपी दोन्ही एकत्र चालतात. फक्त ‘एक वाजेपर्यंत बघू, नाही लागली तर घेऊ’ हा प्रकार बंद करा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठरलेल्या वेळी घ्या. खिडकी स्थिर झाली आणि कार्यक्षमता ८५ च्या आसपास आली, की वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच घ्या. गोळी कमी झाल्यावर दोन-चार रात्री खराब जातील. त्या औषध सुटण्याच्या असतात, थेरपी फसल्याच्या नसतात.

आठव्या आठवड्यानंतर

तीच सात प्रश्नांची चाचणी पुन्हा भरा. गुण आठ किंवा जास्त उतरले असतील तर उपचार लागू पडला, आणि एकूण गुण आठच्या खाली असतील तर निद्रानाश गेला असं धरतात. काहीच हललं नसेल तर नोंदीत तीन गोष्टी शोधा: संध्याकाळची डुलकी, रविवारची उशिरापर्यंतची झोप, आणि ठरलेल्या वेळेच्या आधी आडवं होणं. यातलं काही नसेल तर ॲप्निया, थायरॉइड, नैराश्य यांची तपासणी करून घ्या.

खिडकी वाढवणं कुठं थांबवायचं? दिवसा ताजं वाटतं आणि १५ मिनिटं आणखी दिली की मध्येच जाग यायला लागते, तो तुमचा मुक्काम. कुणाचा सहा तास चाळीस मिनिटांवर येतो, कुणाचा साडेसातवर. आठचा हट्ट धरू नका.

पुढच्या वर्षांसाठी दोन सवयी सोडायच्या नाहीत: उठण्याची ठरलेली वेळ, आणि जाग असताना अंथरूण सोडणं. नोंदवही बंद केली तरी चालते. चाचणी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग तीन महिन्यांतून एकदा.

झोप पुन्हा बिघडेल हे धरूनच चाला, कारण आजारपणं आणि लग्नं पुढंही येणार आहेत. त्यासाठी आत्ताच एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर एवढंच: एक-दोन वाईट रात्री गेल्या तर काहीच करायचं नाही, लवकर झोपायचं नाही, उशिरा उठायचं नाही, दुपारी आडवं व्हायचं नाही. सलग दोन आठवडे, आठवड्यात तीन रात्री वाईट गेल्या तर वही काढायची, सात दिवसांची सरासरी काढून झोपेएवढी खिडकी पुन्हा आखायची आणि दर आठवड्याला १५ मिनिटांचा हिशेब सुरू करायचा. कागदाखाली तुमची उठण्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहा, आणि शेजारी रविवारी वही बघणाऱ्या माणसाचं नाव.